वाळवंटाची वाट आणि मागच्या सीटवरची बाई

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकींत एक वेगळाच विषय निघू लागलाय. मोबाइलवर नवरा-बायको एकाच गाडीवरून राजस्थानात निघालेले दिसतात. मागं सामान बांधलेलं, पुढं नुसती वाळू. ते बघून कुणीतरी विचारतंच, "आपण जोतिबा, आदमापूर, नरसोबाची वाडी गाडीवरनं करतोच की. मग एवढ्या लांब जमंल का?" बाकीच्या हसतात, पण विचारणारीच्या मनात ते खरंच असतं. मुलं मोठी झालीत, दोघांची तब्येत धड आहे, गाडी दारात आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज त्याचंच उत्तर नीट देतो.

जमतं. पण या प्रवासाची जी माहिती मिळते ती बहुतेक गाडी चालवणाऱ्यासाठी असते. मागं बसणाऱ्या बाईनं काय करायचं, तिच्या जिवाची, पाण्याची, विम्याची सोय कोण बघणार, हे कुणी सांगत नाही. आम्ही आज तिच्या बाजूनं बोलणार आहोत.

आधी अंतराचा हिशेब करू. कोल्हापूरहून पुणे, ठाणे, सुरत, अहमदाबाद आणि पुढं बाडमेरवरून जैसलमेर, असं साधारण चौदाशे ते पंधराशे किलोमीटर होतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर दोघं आणि सामान असलं की दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटरच्या वर जाऊ नये. म्हणजे जायला पाच-सहा दिवस, यायला तेवढेच आणि तिथं हिंडायला तीन-चार दिवस. एकूण पंधरवडा धरा. येऊन-जाऊन आणि तिथलं फिरणं धरून ३,२०० किलोमीटर झाले आणि गाडी लिटरला ५० किलोमीटर चालली, तर ६४ लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपये दर धरला तर ६,७२० रुपये झाले. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. खरा खर्च राहण्या-जेवणाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून खंडाळ्याच्या घाटातून जुन्या रस्त्यानंच जावं लागतं.

एवढे दिवस काढता येत नसतील तर कोल्हापूरहून अहमदाबादला रेल्वे जाते. टाकी रिकामी करून गाडी रेल्वेनं पाठवता येते. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात आधी चौकशी करायची आणि गाडीची कागदपत्रं सोबत न्यायची. मग निम्म्यापेक्षा जास्त रस्ता बसून जातो आणि खरी फेरी तिथून सुरू होते.

पैशाचं एकच सांगतो. गटातून शेतीसाठी, आजारपणासाठी, मुलांच्या फीसाठी कर्ज घेतो, ते फिरण्यासाठी घेऊ नका. चार-पाच जणींनी वेगळी भिशी लावा. वर्षभर थोडं थोडं साठलं की फेरीचा खर्च निघतो आणि परत आल्यावर डोक्यावर हप्ता राहत नाही.

आता जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसऱ्या महिन्यांचा विचारच करू नका. राजस्थानातल्या फलोदी गावात १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. थंडीत दिवसा ऊन बरं असतं, पण रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. आपण वाळवंट म्हणलं की सुती कपडेच भरतो. स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि हातमोजे त्याच पिशवीत हवेत, कारण सकाळी चालत्या गाडीवर वारा अंगात शिरतो.

वाळवंटातलं ऊन आणि आपल्याकडचं ऊन यांतला फरक समजून घ्या. आपल्याकडं हवा दमट. घाम आला की अंगावर निथळतो, पदरानं पुसतो, आणि तहान लागली हे कळतं. तिकडं हवा कोरडी. घाम आल्या आल्या उडून जातो. त्यात गाडीवर सतत वारा लागतो. अंग कोरडंच राहतं, म्हणून वाटतं घाम आलाच नाही. पण पाणी अंगातून चाललेलंच असतं. डोकं दुखू लागलं, तोंड सुकलं, चिडचिड झाली, लघवी गडद पिवळी झाली, म्हणजे पाणी कमी पडलं. म्हणून हात उघडे टाकायचे नाहीत. पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा अंगावर असला की ऊन थेट लागत नाही आणि घाम लगेच उडत नाही. तहानेची वाट न बघता तासाभरानं थांबून थोडं थोडं पाणी प्यायचं. थकवा वाटला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या. चमचा चहाचा. ही आपली नेहमीची जलसंजीवनी.

इथंच बाईची खरी अडचण येते. वाटेत जागा मिळणार नाही म्हणून आपण प्रवासात पाणीच पीत नाही. लग्नाला जाताना, बाजाराला जाताना, एसटीत बसताना लहानपणापासून हेच केलं. गावाजवळच्या दोन तासांत ते खपून जातं. वाळवंटात सहा तास कोरडं राहिलं तर चक्कर येते, आणि चालत्या गाडीवर चक्कर येणं म्हणजे काय ते सांगायला नको. लघवी दाबून धरली की जळजळ आणि संसर्ग होतो तो वेगळाच. म्हणून थांबे आधी ठरवायचे आणि ते बाईनं ठरवायचे. पेट्रोलपंपावर ग्राहकांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात भरायला हवा असते. टाकी अर्धी रिकामी झाली की भरायची आणि त्याच वेळी उतरायचं. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड, जुनी वर्तमानपत्रं आणि वेगळी पिशवी वरच्या कप्प्यातच ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. निघायच्या आधी मालकांना स्पष्ट सांगा, "मी म्हणलं थांबा, की थांबायचं."

बसायचं कसं, हेही महत्त्वाचं. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायची आपल्याला सवय आहे. गावातल्या गावात ते चालून जातं. पण लांबच्या रस्त्यावर तोल एका अंगाला जातो, कंबर धरते, आणि अचानक ब्रेक लागला तर बाई आधी पडते. दोन्हीकडं पाय टाकून बसायचं. सलवार बरी, आणि नऊवारीचा काष्टा असला तर तोही बरा. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आपण येता-जाता बघतोच. रमाबाई लटपटे २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईत गेटवे ऑफ इंडियापासून दुचाकीवर जगप्रवासाला निघाल्या त्या नऊवारी नेसूनच. सीमा सुरक्षा दलाच्या महिलांच्या सीमा भवानी नावाच्या मोटरसायकल पथकानं २०१८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात कसरती केल्या. तेव्हा गाडी हे बाईचं काम नव्हे, असं कुणी म्हणलं तर ऐकून सोडून द्या.

पदर, ओढणी, स्टोल काहीही लोंबतं ठेवायचं नाही. ते चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर क्षणात गळ्याला फास बसतो. मागच्या चाकाच्या बाजूला जी जाळी असते तिला आपण साडी गार्ड म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ पासून, मागं बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण सांगितलेलं आहे. पोरं गाडी चांगली दिसावी म्हणून ही जाळी काढून टाकतात. निघण्याआधी ती परत बसवून घ्या. कोल्हापुरी चप्पल आपली शान असली तरी या प्रवासात पाय झाकणारे बूट घाला. तापलेल्या सायलेन्सरला पाय लागला की फोड येतो.

हेल्मेट दोन लागतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला जेवढं लागू आहे तेवढंच मागं बसणाऱ्याला. घरात हेल्मेट एकच असतं आणि ते पुढच्याच्या डोक्यावर असतं, हे चित्र बदलायला हवं. आयएसआय शिक्का बघून घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी निसटतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, विमा. हे ऐकताना वही जवळ घ्या. गाडीचा सगळ्यांत स्वस्त विमा असतो तो थर्ड पार्टी. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो उपयोगी पडतो. आपली गाडी घसरून पडली आणि मागं बसलेल्या बाईला लागलं, तर या साध्या विम्यात ती तिसरी व्यक्ती धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६ आणि २००८ च्या निकालांत हे सांगितलं आहे. पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे आणि जो परवाना घेऊन ती चालवतोय त्याचं. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर ते संरक्षण त्याचं असतं. बायकोनं हँडल धरलं तरी ते तिला मिळत नाही. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्या वाहनाच्या विम्यातून दोघांनाही भरपाई मागता येते. पण वाळूवर गाडी घसरते तेव्हा दुसरं वाहन नसतंच.

मग करायचं काय? विमा पॅकेज म्हणजे सर्वसमावेशक घ्यायचा. त्यात मागं बसणाऱ्याची जबाबदारी येते, हे विमा नियामकानं २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय मागच्या प्रवाशासाठी वेगळं अपघात संरक्षण थोडे पैसे भरून जोडून घेता येतं. एजंटाला विचारा, "यात मागं बसणारी बाई आहे का? कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा." आणि प्रत्येकीच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते बघा. १८ ते ७० वयासाठी वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. दरवर्षी ३१ मे ला मुदत संपते, तेव्हा खात्यात पैसे ठेवा. हे वाळवंटाला जाणाऱ्यांपुरतं नाही. रोज बाजाराला मागं बसून जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते लागू आहे.

याच्याच पुढची गोष्ट म्हणजे परवाना. दोघं निघाले आणि चालवता एकालाच येत असेल, तर तो आजारी पडला की दोघंही अडकले. शिकाऊ परवाना काढून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. परवान्याशिवाय चालवलं तर पाच हजार रुपये दंड आहे. एक वर्ष आधी शिकायला सुरुवात करा. सपाट मोकळ्या रस्त्यावर निम्मं अंतर बाईनं चालवलं तर दोघांचीही पाठ टिकते.

वाळूवर गाडी चालवायचं तंत्र थोडक्यात असं. डांबरी रस्त्यावर वाऱ्यानं वाळू येऊन बसते. ती लांबून दिसली की आधीच वेग कमी करायचा. वाळूवर गेल्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल घट्ट आवळायचं नाही. वाळू जास्त असेल तर मागच्यानं उतरून चालत जायचं. चेनच्या तेलाला वाळू चिकटून चेन झिजते, म्हणून रोज संध्याकाळी ती पुसून पुन्हा वंगण लावायचं. एअर फिल्टरही साफ करून घ्यायचा. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. उंट, गाई, नीलगाई रस्त्यावर उभ्या असतात आणि हेडलाइटच्या उजेडात फार उशिरा दिसतात. जैसलमेरहून तनोटच्या देवीला जाणार असाल तर ते साधारण १२० किलोमीटर आहे. जैसलमेरला किंवा रामगडला टाकी भरून घ्या. अडचणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहिलेले हवेत. अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोख न भरता उपचार, अशी केंद्राची योजना २०२५ पासून आहे. तीही लक्षात ठेवा.

एवढं करून तिथं बघायचं काय? वाळूच्या टेकड्या बघायला जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम आहे. पण तिथलं पाणी बघा. जैसलमेरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्या गगनबावड्यात जोराच्या दोन दिवसांत पडून जातो. तरी तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली. अंगणातलं, छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या झाकलेल्या टाक्यात साठवायचं. त्याला तिकडं टांका म्हणतात. आपण पुरात बुडतो आणि मार्च-एप्रिलला डोंगरकपारीच्या वाड्यांवर घागरी घेऊन उभ्या राहतो. तो टांका बघून या आणि ग्रामसभेत सांगा.

तिथली खेजडी म्हणजे आपली शमी, जिची पूजा कोल्हापुरात दसरा चौकात होते. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह ३६३ जणांनी जीव दिला. त्याच झाडाच्या शेंगांची भाजी, सांगरी, तुम्हाला तिथं ताटात मिळेल. बाजरीची भाकरी मिळेलच. आपल्याकडचा ठेचा तेवढा सोबत न्या.

मैत्रिणींनो, राजस्थानला जाणाऱ्या फार तर एक-दोघी असतील. पण गाडीवर मागं बसणाऱ्या आपण सगळ्याच आहोत. म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरच्या गाडीची पॉलिसी घेऊन या. एकत्र बसून वाचू आणि कुणाचं नाव कुठं आहे ते बघू. ज्यांच्याकडं दुसरं हेल्मेट नाही त्यांची यादीही त्याच दिवशी करू. पाच-दहा हेल्मेटं एकदम घेतली तर दुकानदार भाव कमी करतो.