गप्पी माशाचे प्रजनन : विहिरीत व काचपेटीत

मुंबईतील विहिरी हे हिवतापाच्या डासांचे प्रमुख आश्रयस्थान असल्याचे डॉ. बेंटले यांनी १९११ मध्ये दाखविले. अशा साठ्यांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका गप्पी मासे सोडीत आली आहे. क्रॉफर्ड मार्केटात शोभेसाठी विकला जाणारा मासाही हाच. फक्त त्याचा नर लांब शेपटीचा व भडक रंगाचा असतो.

गप्पीची मादी अंडी घालीत नाही, पिलांना जन्म देते. नराच्या गुदपराचे रूपांतर संगमेंद्रियात झालेले असते. एका समागमातील शुक्राणू मादी कित्येक महिने साठवून ठेवते व सुमारे चार आठवड्यांनी एकेक वीण देते. म्हणून एकटी गाभण मादीही विहीर भरून टाकू शकते.

त्रिनिदादच्या ज्या ओढ्यांत भक्षक मासे पुष्कळ, तेथील गप्पी लवकर वयात येतात, अधिक पण लहान पिले देतात. नर फिके असतात. काचपेटीत भक्षक नाही; निवड माणूस करतो, आणि ती रंगाची. भक्षकाची उणीव मात्र आईच भरून काढते : पाणवनस्पतींचा आडोसा नसेल, तर ती आपलीच पिले खाते.