पेठांचा फुटबॉल, शाहू स्टेडियमचे मैदान

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींखालील संघांना ‘नॉन-लीग’ म्हणतात. छोटे मैदान, ओळखीचे खेळाडू आणि गावाचा अभिमान हे त्यांचे भांडवल. महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारा फुटबॉल कोल्हापुरात, छत्रपती शाहू स्टेडियमवर पाहायला मिळतो.

येथील संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळे कुस्तीच्या परंपरेतून आलेली. सोबत शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लबही आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगने हंगाम सुरू होतो. त्यानंतर बाद पद्धतीच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात.

सामने बहुधा दुपारी सुरू होतात. त्याआधीच पायऱ्यांच्या गॅलरीत समर्थकांचे पेठवार घोळके बसतात. पारंपरिक प्रतिस्पर्धी समोरासमोर आले की गर्दी उसळते आणि घोषणांना धार चढते. ईर्षा कधी हाणामारीपर्यंत जाते, म्हणून मोठ्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त असतो.

कोल्हापूरच्या या फुटबॉलवेड्या मातीतला अनिकेत जाधव 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. बहुतेक खेळाडू मात्र नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षण सांभाळून पेठेसाठीच मैदानात उतरतात.