पादुआतली चाळीस मिनिटं

संपादक महोदय,


ईस्टरनंतर आमच्या भागातून आणखी एक जथा इटलीच्या यात्रेला निघतो आहे. मी गेल्या ऑक्टोबरात जाऊन आलो, म्हणून रोज कोणी ना कोणी दारात येतं. "काय ओ मास्तर, जाऊया काय? पैशाचं सार्थक होईल काय?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, तेव्हा आपल्या पानावर एकदाच लिहितो. जाण्याआधी काय विचारून घ्यावं ते सांगतो, आणि माझ्या हातून काय चुकलं तेही सांगतो. दुसरं सांगायला जड जातं. पण ते टाळून नुसती प्रवासाची वर्णनं लिहिली तर ती अर्धीच गोष्ट होईल.

आम्ही २८ जण होतो. लोंढा, खानापूर, बेळगाव कॅम्प, आणि काही गोव्याचे नातेवाईक. बहुतेक साठी ओलांडलेले. २०२५ हे ज्युबिलीचं वर्ष. सन १३०० मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी ही प्रथा सुरू केली, आणि आता साधारणपणे दर २५ वर्षांनी ती येते. पुढची येईल तेव्हा आमच्यापैकी किती जण असतील हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून "आता नाही तर कधीच नाही" असं म्हणून सगळ्यांनी नावं दिली. माणशी खर्च अडीच लाखांच्या घरात गेला. कुणी ठेव मोडली, कुणाच्या मुलानं दुबईहून पाठवले.

या जथ्यात आमच्या मावशी होत्या. नाव लिहीत नाही, लोंढ्यात त्यांना सगळे मावशीच म्हणतात. यजमान रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या मागं पेन्शनमधून थोडं थोडं साठवून मावशींनी हे पैसे उभे केले. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. त्या यायला तयार नव्हत्या. मीच चार वेळा जाऊन त्यांना तयार केलं. त्यांना ना रोमचं आकर्षण, ना व्हेनिसचं. त्यांना जायचं होतं ते पादुआला, संत अंतोनीच्या कबरीपाशी. गेली कित्येक वर्षं त्यांचा मंगळवारचा नोव्हेना चुकलेला नाही.

संत अंतोनीला सगळे पादुआचा म्हणतात, पण तो जन्मला ११९५ मध्ये लिस्बनला. पादुआला त्याची शेवटची वर्षं गेली आणि १३ जून १२३१ रोजी, छत्तिशीतच, त्याला मरण आलं. वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला संतपद मिळालं. हरवलेलं सापडवून देणारा संत अशी त्याची ख्याती, आणि आपल्याकडे ती ख्रिस्ती घरांपुरती राहिलेली नाही. मावशी निघणार हे कळल्यावर शेजारपाजारच्या लोकांनी त्यांच्याकडे चिठ्ठ्या दिल्या. एकूण ३१ चिठ्ठ्या. त्यात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची होती, तो तर पंढरीचा वारकरी. आणि एका बाईची होती, जिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला आणि अजून त्याचा फोन नाही. मावशींनी त्या सगळ्या एका कापडी पिशवीत बांधल्या आणि विमानातसुद्धा मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.

आता पादुआचं सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत "पादुआ: संत अंतोनीची बासिलिका" असं ठळक छापलेलं होतं. किती वेळ, ते छापलेलं नव्हतं. सकाळी मिलानहून निघालो आणि संध्याकाळच्या आत व्हेनिस गाठायचं होतं. युरोपात बसवाल्याला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाचे तासही ठरलेले असतात. नियम चांगला आहे, आपल्याकडेही असावा. पण त्याचा अर्थ असा की वाटेत कुठं उशीर झाला की तो उशीर यात्रेकरूच्या वेळातून कापला जातो. बस प्राटो देला व्हाल्ले या भल्यामोठ्या चौकाजवळ थांबली. टूर मॅनेजर म्हणाला, "चाळीस मिनिटं." त्यातली चौकातून बासिलिकेपर्यंत चालण्यातच बरीच गेली. धडधाकट माणसाला ती वाट काहीच नाही. मावशींच्या गुडघ्यांना फार होती.

आत कबरीची संगमरवरी कपेल आहे. भिंतीवर संताच्या चमत्कारांची मोठी शिल्पं कोरलेली आहेत. लोक रांगेनं मागच्या बाजूनं जातात, कबरीच्या दगडाला तळहात टेकवून क्षणभर उभे राहतात, आपल्या माणसांचे फोटो ठेवतात. जगभरचे लोक, पण हात टेकवण्याची रीत सगळ्यांची सारखी. पुढं अवशेषांच्या कपेलमध्ये संताची जीभ जपून ठेवली आहे. १२६३ मध्ये कबर उघडली तेव्हा ती शाबूत सापडली, असं परंपरा सांगते. मी भरभर चालून हे सगळं पाहून आलो. मास्तर ना, सगळं बघून वहीत टिपायची सवय.

परत आलो तर मावशी अजून रांगेत. त्यांच्या पुढं दहाबारा माणसं असतील. घड्याळात पाच मिनिटं उरलेली. ज्यानं आयुष्यभर शाळेची घंटा सांभाळली त्याला उशीर सहन होत नाही. शिवाय जथ्याचा पुढारी म्हणून माझं नाव. मी मावशींचा दंड धरला आणि म्हणालो, "मावशी, चला. बस सुटेल." त्या म्हणाल्या, "मास्तर, माझं झालं नाही ओ." मी म्हणालो, "पुढं अजून खूप बघायचंय." आणि त्यांना रांगेतून बाहेर काढलं.

आम्ही धापा टाकत बसपाशी पोचलो. बस तिथंच उभी होती. आमच्यातलीच काही मंडळी चौकातल्या दुकानांत रमली होती. ती येईपर्यंत बस आणखी २५ मिनिटं उभी राहिली. मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

व्हेनिसबद्दल मी फार लिहीत नाही. संत मार्कचं मंदिर सोन्यानं मढवल्यासारखं आहे, पाणी आहे, गर्दी आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत.

फ्लॉरेन्सला मात्र एक गोष्ट घडली. जाण्यापूर्वी मी थोडं वाचून ठेवलं होतं. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो चौथरा फ्लॉरेन्सचा. मेदिची घराण्यातला तिथला ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा यानं तो भेट म्हणून करवला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. काम दहा वर्षं चाललं. मग तो सुटा करून जहाजानं गोव्याला आणला, आणि जुळवायला प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर सोबत आला. १६९८ मध्ये तो बसवला. चांदीची पेटी त्याच्याही आधीची, १६३७ च्या सुमाराची, आणि ती मात्र गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. हे मी बसमध्ये माइकवर सांगितलं. पादुआपासून गप्प असलेल्या मावशी मागं वळल्या. "म्हणजे सायबाचा दगड इथनं गेला?" मी म्हणालो, "होय मावशी, इथनंच." त्यांनी बाहेरच्या रस्त्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "लांबनं आणला की ओ."

मावशींनी १९६४ पासून जुन्या गोव्याचं एकही शवदर्शन चुकवलेलं नाही. दर दहा वर्षांनी लोंढ्याहून रेल्वेनं घाट उतरायचा, आणि रांगेत उभं राहायचं. अगदी अलीकडचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं, त्यालाही त्या गेल्या होत्या. तासन् तास रांगेत, पण तिथं कुणी त्यांचा दंड धरला नाही.

असिसीला आम्हाला एक पूर्ण दिवस मिळाला, आणि फरक लगेच कळला. वेळ असला की माणूस आपोआप हळू बोलतो. तळघरात संत फ्रान्सिसची साधी दगडी कबर आहे. ती सहाशे वर्षांच्या आसपास लपलेली होती, १८१८ मध्ये सापडली. वरच्या बासिलिकेचं छत १९९७ च्या भूकंपात कोसळून चार माणसं गेली. तुकडा तुकडा जोडून चित्रं पुन्हा उभी केली आहेत. आपण नाताळात घरोघरी गोठा करतो, त्याची सुरुवात याच संतानं १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात केली. खाली गावात कार्लो आकुतिस हा पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा जीन्स आणि बूट घालून काचेआड निजलेला दिसतो. आम्ही जायच्या महिनाभर आधीच, ७ सप्टेंबरला, त्याला संतपद मिळालं होतं. आमच्यातल्या आज्या त्याच्यापुढं नातवापुढं उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या. २०२६ हे संत फ्रान्सिसच्या मृत्यूला ८०० वर्षं होण्याचं वर्ष. त्या वर्षी २२ फेब्रुवारी ते २२ मार्च त्याचे अवशेष दर्शनाला ठेवायचं ठरलं होतं.

रोमला आम्ही संत पेत्रच्या पवित्र द्वारातून आत गेलो, बुधवारी चौकात पोप लिओंना लांबून पाहिलं. संत मेरी मेजरमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या थडग्यावर फक्त "फ्रान्सिस्कुस" एवढंच लिहिलं आहे. त्यांनी रेबिब्बियाच्या तुरुंगातही एक पवित्र द्वार उघडलं होतं, हे आम्हाला आमच्या फादरांनी तिथंच सांगितलं. कैद्याला यात्रेला जाता येत नाही, तर यात्रा त्याच्याकडे नेली. ते ऐकताना मला सारखी ती पिशवी दिसत होती.

शेवटची दुपार पत्रिकेत "खरेदीसाठी मोकळी" होती. मी मावशींना म्हणालो, "येताय काय? एक चर्च बघूया. बस वगैरे काही नाही, आपल्याला पाहिजे तितका वेळ बसूया." आम्ही सहा जण ६४ नंबरच्या बसनं जेझू चर्चला गेलो. हे येशूसंघाचं मूळ चर्च. डाव्या हाताला संत इग्नेशियसची कबर, उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियरची वेदी, आणि तिथं त्याचा उजवा हात. १६१४ मध्ये संघाच्या प्रमुखांच्या आज्ञेनं गोव्यातल्या शरीरापासून तो वेगळा करून रोमला पाठवला. झेवियरनं १५४० मध्ये रोम सोडलं ते कायमचं. तो पुन्हा इथं आला नाही, त्याचा हात तेवढा आला.

मावशींना सांगावं लागलं नाही. त्या पुढं गेल्या, वर पाहिलं आणि पुटपुटल्या, "गोंयचो सायब." मग बाकावर बसल्या. आम्ही तासभर बसलो असू. मी त्यांच्याशेजारी बसून हळूच म्हणालो, "मावशी, पादुआला माझी चूक झाली. मी तुम्हाला ओढायला नको होतं." त्या म्हणाल्या, "होय, नको होतं." एवढंच. मग मी मास्तरकी केलीच. म्हणालो, "चिठ्ठ्या इथं ठेवा की. हाही आपलाच संत." त्या म्हणाल्या, "नको ओ. त्या अंतोनीच्या आहेत. ज्याच्या त्याला पोचल्या पाहिजेत."

पिशवी तशीच लोंढ्याला परत आली. मावशींनी घरोघरी जाऊन सांगितलं, "तुमची चिठ्ठी पोचली नाही." एकदाही माझं नाव घेतलं नाही. वारकरी दुकानदार हसून म्हणाला, "असू दे मावशी, आमच्या विठोबालाही कधी कळसावरनंच हात जोडावे लागतात." त्या मुलाच्या आईनं मात्र चिठ्ठी परत घेतली नाही. म्हणाली, "ठेवा तुमच्याकडंच. कुणीतरी जाईल."

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. जरूर जा. पण टूरवाल्याला शहरांची नावं विचारू नका. प्रत्येक ठिकाणी किती तास ते विचारा आणि लिहून घ्या. दोन शहरं कमी झाली तरी चालतील. बस कुठं थांबणार आणि तिथून किती चालायचं तेही विचारा. रांगेत गुडघेदुखीवाल्यांना सगळ्यांत पुढं उभं करा, तरुण मागं राहिले तरी पळत येतील. निघण्यापूर्वी चार रविवार मिस्सेनंतर बसून त्या संतांबद्दल वाचा, नाहीतर सगळी चर्चं सारखीच दिसतात. आणि जथ्याचा पुढारी निवडताना घड्याळ बघणारा निवडू नका, मागं वळून बघणारा निवडा.

नव्या जथ्याच्या मंडळींना मी भेटलो. पादुआला अर्धा दिवस ठेवतो असं त्यांनी कबूल केलं आहे, लिहून दिलं आहे. त्यानंतरच मावशींनी ती पिशवी त्यांच्या हाती दिली. आता तिच्यात ३२ चिठ्ठ्या आहेत. नवी कुणाची, ते मी विचारलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
लोंढा, ता. खानापूर