टिळक, आर्क्टिक आणि दोन दुधाचे दात

महाळुंग्यातल्या फ्लॅटमधून, पंख्याच्या घरघरीसकट, आजचा भाग.

परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड आला: आर्क्टिकमध्ये हजारो वर्षांपूर्वीची माणसं सापडली, लोकमान्य खरे ठरले! मीही अंगठा देणारच होतो. मग म्हटलं, थांब, आधी बघू तरी.

टिळक नेमकं काय म्हणाले होते? १९०३ साली त्यांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' आलं. ऋग्वेदात कित्येक दिवस चालणाऱ्या पहाटेची वर्णनं आहेत, अशी पहाट ध्रुवाजवळच दिसते, म्हणजे वेद रचणाऱ्यांचे पूर्वज तिथे राहत असणार, हा त्यांचा तर्क. तेव्हा तिथली हवा सुखाची होती. मग हिमयुग आलं आणि ते लोक बाहेर पडले, असं त्यांनी मांडलं.

आता जमीन काय सांगते ते बघा. सायबेरियात याना नदीकाठी, आर्क्टिक वृत्ताच्याही बऱ्याच वर, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली. २००४ मध्ये ती 'सायन्स'मध्ये जाहीर झाली. गेंड्याच्या शिंगाचा भाल्याचा भाग, मॅमथच्या दातांच्या वस्तू आणि हाडाच्या, नेढं असलेल्या सुया! म्हणजे कातडी शिवून अंगाला घट्ट बसणारे कपडे. ही माणसं सुखाच्या हवेत नव्हती, कडाक्याच्या थंडीत होती. सुईच्या जोरावर टिकली.

तिथेच दोन मुलांचे दुधाचे दात मिळाले. २०१९ मध्ये त्यांचा डीएनए वाचला गेला. दात कोणाचे, किती जुने, हे कळतं. पण दात कुठली भाषा बोलायचा, हे कोणतीच लॅब सांगू शकत नाही. आणि ऋग्वेद साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. मधे अठ्ठावीस हजार वर्षांची दरी आहे राव!

म्हणजे आर्क्टिकमध्ये माणूस होता, हे खरं. ती माणसं वेदांची पूर्वज होती, हे यातून सिद्ध होत नाही.

टिळकांकडे कार्बन डेटिंग नव्हतं. ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलं. हाताशी होतं त्यावर त्यांनी तर्क केला. आपल्या खिशात तर अख्खा फोन आहे. फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: पुरावा नेमकं काय सिद्ध करतोय?

मी अंगठा दिला नाही. हाच प्रश्न ग्रुपवर टाकला. अजून तरी कोणी काढून टाकलेलं नाही. भेटू पुढच्या भागात!