ऐश्वर्य आणि राख
परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात निर्माण झालेली वीज महाराष्ट्राच्या दूरदूरच्या भागांत पोहोचली. परंतु ज्या कोळशातून ती निघाली त्याची राख मात्र बीड जिल्ह्याच्याच वाट्याला आली, आणि ती तलावांत साचते, हायवा ट्रकांत भरून वीटभट्ट्यांकडे जाते व वाटेवरच्या घरांच्या पत्र्यांवर आणि पिकांच्या पानांवर बसते. स्कॉट फिट्झजेरल्ड यांची 1925 साली प्रसिद्ध झालेली ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी परळीच्या वाचकाने अवश्य वाचावी असे मला वाटते, ते याच कारणास्तव. न्यूयॉर्क शहर आणि लाँग आयलंडवरील धनिकांचे प्रासाद यांच्या मधोमध या कादंबरीत राखेची एक दरी आहे (शहरातील भट्ट्यांची राख टाकण्याची अशी जागा क्वीन्स भागात प्रत्यक्षात होती), आणि ग्रंथाचे मर्म गॅट्सबीच्या गाजलेल्या मेजवान्यांपेक्षा त्या दरीतच अधिक आहे.

कथानक थोडक्यात असे, की जेम्स गॅट्झ नावाचा दरिद्री शेतकऱ्याचा मुलगा ‘जे गॅट्सबी’ हे नाव धारण करतो, पुढे दारूबंदीच्या काळात चोरट्या व्यापाराने गबर होतो, आणि टॉम ब्यूकॅननशी विवाहबद्ध झालेली आपली पूर्वीची प्रेयसी डेझी परत मिळावी म्हणून तिच्या घरासमोर, खाडीच्या अलीकडे, वाडा घेऊन राहतो. द्रव्याच्या बळावर गेलेला काळही माघारी आणता येईल, अशी त्याची दृढ श्रद्धा आहे.

अशक्य तेही बळावर मिळवता येते, ही श्रद्धा परळीजवळच्या आंबेजोगाईला नवी नाही. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांविषयीची आख्यायिका अशी, की रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर मांड टाकेपर्यंत मला ब्रह्म दाखवा, असा हुकूम जैत्रपाळ राजा साधूंना करी आणि जे असमर्थ ठरत त्यांना बंदीत टाकून वेठीने राबवी, पुढे मुकुंदराजांनी त्यांना सोडवले. मुकुंदराजांचे स्थान आंबेजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरा, हा विद्वानांतला वाद मी बाजूस ठेवतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ब्रह्मसुद्धा हुकमी मिळावे ही लालसा राजाची होती आणि तिच्यासाठी घाम गाळला तो साधूंनी.

फिट्झजेरल्डच्या राखेच्या दरीत जॉर्ज विल्सन नावाचा मोटारदुरुस्ती करणारा राहतो. त्याची पत्नी मर्टल ही टॉमची रखेली. विल्सनला एक जुनी मोटार विकण्याचे आश्वासन देऊन टॉम त्याला झुलवत ठेवतो. डेझी चालवीत असलेल्या गॅट्सबीच्या मोटारीखाली मर्टल चिरडली जाते, गॅट्सबी तो दोष स्वतःवर घेण्यास सिद्ध होतो, आणि मोटार गॅट्सबीची असल्याचे टॉम विल्सनला सांगतो. शोकाने पेटलेला विल्सन गॅट्सबीला गोळी घालून स्वतःचाही जीव घेतो. गॅट्सबीच्या अंत्ययात्रेला त्याच्या असंख्य पाहुण्यांपैकी जेमतेम एकजण येतो, हा प्रसंग वाचक सहसा विसरत नाहीत. मला मात्र त्याआधीची सरकारी चौकशी अधिक भयंकर वाटते. तिथे मर्टलची सख्खी बहीण, सर्व काही ठाऊक असूनही, आपली बहीण नवऱ्याजवळ सुखात होती अशी शपथेवर जबानी देते. ब्यूकॅनन दांपत्य तोवर सामानसुमानासह गाव सोडून गेलेले असते. विल्सन हा दुःखाने भ्रमिष्ट झालेला इसम ठरतो, आणि प्रकरण तेवढ्यावर दफ्तरदाखल होते.