डेव्ह, शहजादा आणि रद्दीतली मासिके

गेल्या रमजानमध्ये आम्ही भाच्याचा मोबाईल कपाटात कुलूपबंद केला. मुलगा नववीत, बहिणीने शिक्षणासाठी आमच्याकडे सोनगीरला ठेवलेला. तरावीहला म्हणून घरातून निघायचा आणि किल्ल्याच्या पायथ्याशी मित्रांसोबत 'फ्री फायर' खेळत बसायचा. कुणीतरी येऊन सांगितले. तो घरी आल्यावर आम्ही हात उगारला, मोबाईल हिसकावून घेतला. त्यानंतर दोन दिवस पोरगा आमच्याशी बोलला नाही. सहरीला उठायचा, मान खाली घालून खायचा आणि निघून जायचा. वर्गात साठ मुलांना बोलते करणारे आम्ही, घरातल्या एकासमोर गप्प झालो.

तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून पुस्तकांची पेटी उघडली. मुंबईच्या फोर्टमध्ये फुटपाथवर कधीतरी घेतलेले आणि तसेच पडून राहिलेले एक इंग्रजी पुस्तक हाती लागले. डेव्हिड कुशनर यांचे 'मास्टर्स ऑफ डूम', २००३ साली निघालेले. जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो या दोन तरुणांनी संगणकावरचे खेळ कसे बनवले, त्याची ही हकीकत. सुरुवातीलाच अकरा वर्षांचा रोमेरो पिझ्झाच्या दुकानातल्या मशीनवर खेळत उभा असतो. सावत्र बाप मागून येतो आणि पोराचे डोके त्याच मशीनवर आपटतो. आम्ही पुस्तक मिटले. थोड्या वेळाने पुन्हा उघडले आणि सहरीपर्यंत वाचत राहिलो.

खरे तर आम्हालाही हा मार नवा नव्हता. नव्वदच्या दशकात आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. मूळ जपानी यंत्र निन्टेन्डोचे, १९८३ चे. आपल्याकडे आल्या त्याच्या नकला, आणि खोबणीत बसवायच्या त्या जाडजूड कॅसेटी. ईदीचे पैसे घेऊन आम्ही तिथे 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळायला रांग लावायचो. पुढे धुळ्याला संगणकाचा क्लास लावला, तर तिथे सर बाहेर गेले रे गेले की पडद्यावर 'डेव्ह' नाहीतर 'प्रिन्स'. अब्बांनी एकदा क्लासची फी कशी चालली आहे ते पाहायला म्हणून अचानक फेरी मारली. धुळे ते सोनगीर एसटीच्या पूर्ण प्रवासात आमचा कान त्यांच्या हातात होता, असे आम्ही अजून सांगतो. अर्धा प्रवास असेल.

तर त्या 'डेव्ह'बद्दल. लाल टोपीवाला तो बुटका माणूस चषक उचलतो, मग दार उघडते, मग पुढची खोली. आमच्या वयाच्या ज्या-ज्या माणसाने क्लासमध्ये एक तास काढला, त्याला तो आठवतो. तो कुणी बनवला हा प्रश्न आम्हाला तीस वर्षांत पडला नव्हता. तो रोमेरोनेच बनवला, १९८८ साली, आणि तोही एका मासिकासाठी! त्या काळी अमेरिकेत कागदाऐवजी फ्लॉपीवर मासिके निघत. वर्गणीदाराला टपालाने फ्लॉपी यायची आणि तिच्यात मजकुराबरोबर छोटे कार्यक्रम व खेळ असायचे. म्हणजे आपला डेव्ह हा मासिकाचा मजकूर होता.

त्याआधीची गोष्ट आम्हाला त्याहून मोठी वाटली. तेव्हाची संगणक मासिके खेळ चक्क छापायची. पानभर ओळी, आकडे, आज्ञा. वाचकाने त्या घरच्या संगणकावर एक-एक करून टंकायच्या. एक स्वल्पविराम चुकला तर खेळ चालायचा नाही आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून शोध. शुद्धलेखनाचा इतका कडक मास्तर आम्ही दुसरा पाहिला नाही. मार खाल्लेल्या त्या रोमेरोचा 'स्काऊट सर्च' हा खेळ १९८४ मध्ये 'इनसायडर' नावाच्या अशाच मासिकात छापून आला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर आम्ही भाच्याला एवढेच विचारले, "डेव्ह नावाचा गेम माहीत आहे का तुला?" त्याने नाही म्हणून मान हलवली. संगणकावर लावून दिला. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "मामू, हे तर खूप जुनाट आहे," आणि पाऊण तास उठला नाही. मग आम्ही त्याला पुस्तकातले सांगत गेलो, अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत. मशीनवर डोके आपटल्याचा प्रसंग सांगताना मध्येच थांबलो. माफी मागायची होती. शिक्षकाला आणि मामूला ती नीट मागता येत नाही, पण मागितली. त्याने विचारले, "मग त्याच्या बापाला कळलं का, गेम छापून आला ते?" उत्तर शोधायला तो स्वतः पुस्तक घेऊन बसला. इंग्रजीत तो कच्चा आहे. शब्दकोश घेऊन एका संध्याकाळी दीड पान झाले. पण ते दीड पान त्याने कुणी न सांगता वाचले.

तेव्हापासून आमच्या घरात खेळांबद्दलची मासिके आणि पुस्तके गोळा होऊ लागली. धुळ्याच्या रद्दीवाल्याकडे 'डिजिट'चे जुने अंक मिळाले. २००१ साली सुरू झालेले हे आपल्याच देशातले मासिक, आणि त्यासोबत येणाऱ्या सीडीसाठी तरुण पोरे ते विकत घ्यायची. सीडी अर्थातच एकाही अंकात उरलेली नव्हती. मुंबईच्या मित्राने 'रेट्रो गेमर' या ब्रिटिश मासिकाचे तीन अंक पाठवले. २००४ पासून निघणारे हे मासिक जुन्याच खेळांना वाहिलेले आहे. ज्यांनी ते खेळ बनवले, त्या आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांना शोधून काढून त्यांना बोलते करायचे, हे त्याचे मुख्य काम. भाच्याला चित्रे आवडतात, आम्हाला मुलाखती.

अमेरिकेत 'निन्टेन्डो पॉवर' हे मासिक १९८८ ते २०१२ अशी २४ वर्षे चालले. खेळांचे नकाशे आणि युक्त्या छापणे हा त्याचा धंदा. आपल्याकडे ते कुठून येणार? तरीही 'कॉन्ट्रा'त ३० जीव मिळवून देणारी युक्ती सोनगीरच्या पोरांना पाठ होती: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. छापील अक्षराशिवाय, सीना-ब-सीना चालत ती आमच्यापर्यंत आली. काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने ती १९८६ मध्ये दुसऱ्याच एका खेळासाठी रचली होती. तपासणी करताना त्याला स्वतःचाच खेळ जड जाऊ लागला म्हणून सोय केली आणि काढायची राहून गेली. भाचा म्हणाला, "म्हणजे सरांनीच कॉपी ठेवली."

आम्हाला सगळ्यात प्रिय झाले ते मात्र जॉर्डन मेकनर यांचे रोजनिशीचे पुस्तक. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बनवताना १९८५ ते १९९३ या काळात त्यांनी लिहिलेल्या नोंदी त्यात आहेत. तळघरात अडकलेला तरुण, जाफर नावाचा दुष्ट वजीर, वाळूचे घड्याळ आणि शहजादीला वाचवायला फक्त साठ मिनिटे. अलिफ लैलाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आम्हाला तो खेळ घरचाच वाटायचा. शहजाद्याचे ते पळणे, उडी मारून कड्याला लोंबकळणे इतके खरे का वाटते, ते आता कळले. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चित्र संगणकावर उतरवले. संगीत दिले वडिलांनी. १९८९ साली खेळ बाजारात आला आणि सुरुवातीला फारसा खपला नाही. रोजनिशीत निराशेची, आळसाची, हे सोडून सिनेमाकडे जावे का या घालमेलीची पाने भरपूर आहेत. दहावी-बारावीच्या मुलांच्या हाती ही पाने जावीत असे आम्हाला फार वाटते. पुढे त्याची मूळ संगणकीय लिपी हरवली, आणि २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या जुन्या फ्लॉप्या सापडल्या.

एक खंत आहे. आमच्या हाती आलेली ही सारी पुस्तके इंग्रजी. १९७१ पासून निघणारे बालभारतीचे 'किशोर' आम्ही वर्गात वाचून दाखवतो, उर्दू मुलांसाठी दिल्लीचे 'उमंग' आहे. मुले ती वाचतात, पण दिवसाचे दोन तास ज्या गोष्टीत जातात तिच्याविषयी चांगले लिहिलेले त्यांना आपल्या भाषेत मिळत नाही. मिळतात त्या फक्त बातम्या: कुणी घरचे पैसे उडवले, कुणी परीक्षा बुडवली. त्या खोट्या नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला तो उगाच नव्हे. जुगार पडद्यावर आला म्हणून काही वेगळा होत नाही. पण डेव्ह, शहजादा, मारिओ यांना त्याच रांगेत उभे करणे आम्हाला पटत नाही.

म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही घातली आहे. जपानच्या 'फामित्सू' या जुन्या मासिकात चार परीक्षक प्रत्येक खेळाला दहापैकी गुण देतात, एकूण चाळीस. आमचेही चार परीक्षक आहेत: भाचा, त्याचे दोन मित्र आणि शेजारची सातवीतली मुलगी. अट एकच, गुणांखाली कारण लिहायचे, मराठीत किंवा उर्दूत, किमान पाच ओळी. मोबाईल कपाटातून बाहेर आला आहे, त्याला वेळ ठरवून दिली आहे. ती रोज पाळली जाते असे आम्ही म्हणणार नाही.

'प्रिन्स'ला चाळीसपैकी ३३ मिळाले. सर्वांत कमी, सहा गुण सातवीतल्या मुलीने दिले. तिने उर्दूत लिहिले आहे: शहजादी तासभर नुसती खोलीत बसून राहते, तिला दार ठोठावताही येत नाही का?