घर बांधून दिलं, पैसे थकले: कंत्राटदाराला घर अडवता येतं का?

हदगावात एका घराचं बांधकाम पूर्ण झालं. कंत्राटदाराने बाकी मागितली, की मालक म्हणतो, "हळद विकली की देतो." मग घरच अडवून ठेवता येईल का? सहसा नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागिराला काम केलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेता येते. हा धारणाधिकार. पण तो जंगम वस्तूंपुरता आणि वस्तू ताब्यात असेपर्यंतच. दुकानात दुरुस्तीला आलेलं गेट वेल्डर ठेवू शकतो. एकदा परत दिलं की हक्क संपतो. अमेरिकेत थकलेल्या बिलासाठी थेट घरावर हक्क नोंदवता येतो, आपल्याकडे तशी सोय नाही.

म्हणून जपायची ती मुदत. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल, तर मुदत कायदा, १९६३ नुसार काम झाल्यापासून ३ वर्षांत दिवाणी दावा करावा लागतो. तोंडी वायद्यांनी ही मुदत वाढत नाही. मात्र ती संपण्याआधी मालकाने थकबाकी लेखी, सहीनिशी मान्य केली, तर त्या दिवसापासून नव्याने ३ वर्षे मिळतात.

त्यामुळे हळदीची वाट जरूर पाहा, पण मोजमाप आणि बाकी रकमेच्या कागदावर तारखेसह सही घेऊनच.